एक सेल, एक बल्ब, एकच वायर

चौथी-पाचवीच्या मुलांना सर्किटची आकृती आधी फळ्यावर काढून देऊ नका. प्रत्येक जोडीला १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वीतभर वायर द्या आणि ‘दिवा लावा’ एवढंच सांगा. होल्डर मुद्दाम देऊ नका. बहुतेक मुलं सगळं बल्बच्या बुडाच्या ठिपक्यालाच टेकवतात. मग कुणाचं तरी बोट सरकतं, वायर बाजूच्या आट्यांना लागते आणि वर्गात आरडाओरडा होतो. तो होऊ द्या. बल्बला जोडायच्या जागा दोन असतात, हे त्या क्षणी कळतं.

पुढच्या तासाला काम द्या: खाऊच्या डब्याचं झाकण उघडलं की दिवा लागला पाहिजे. कपड्यांच्या लाकडी चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना वेगवेगळी फॉइल गुंडाळायची, मधे पुठ्ठ्याची पट्टी अडकवायची आणि पट्टीचा दोरा झाकणाला बांधायचा. पट्टी निसटली की फॉइल एकमेकींना चिकटते. पण हा उपाय तुम्ही सांगू नका. आधी कागदावर त्यांचं त्यांना काढू द्या, भले तो फसो.

दिवा लागला नाही तर पहिल्यांदा चिकटपट्टी बघा. फॉइल आणि वायर यांच्या मधेच ती लावलेली असते, दर वर्षी!

सेलची दोन्ही टोकं नुसत्या फॉइलने जोडली तर चटका बसतो. बटण सेल वर्गात आणूच नका, ते गिळले जातात. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, हे सुरुवातीलाच बजावा.