सांगलीत राहून स्क्वॉशची तयारी

मुलाला कोर्ट रोज मिळत नसेल तर घोटून गिलावा केलेली भिंत शोधा. खरबरीत भिंतीवर चेंडू आठवड्यात झिजतो. खडूने तीन रेघा मारा: 48 सेंटिमीटरवर टिन (चेंडू याच्या वरच लागला पाहिजे), 1.78 मीटरवर सर्व्हिस लाइन (सर्व्हिस हिच्या वर लागायला हवी), 4.57 मीटरवर आउट लाइन (चेंडू हिच्या खालीच राहिला पाहिजे). जमिनीवर 6.4 बाय 9.75 मीटरचा चौकोन आखा. समोरच्या भिंतीपासून 5.44 मीटरवर, मधोमध ‘टी’, म्हणजे प्रत्येक फटक्यानंतर परत यायची जागा.

दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू लगेच घेऊ नका. थंडीत पहाटे तो उसळतच नाही, मग मूल मनगट झटकून मारायला लागतं आणि ती खोड पुढे सुटत नाही. जास्त उसळणारा, लाल ठिपक्याचा घ्या.

घोस्टिंग, म्हणजे चेंडूशिवाय नुसत्या हालचालींचा सराव, मात्र रोज हवंच: टीवरून सहा जागा (पुढे दोन, मध्ये दोन, मागे दोन), प्रत्येक वेळी परत टीवर. 45 सेकंद पळा, 45 थांबा, असे 10 फेरे. शेवटचं पाऊल लांब टाका, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका. त्याने गुडघ्यावर ताण वाढतो.

आठवड्याला एकदा तरी पुणे-कोल्हापूरकडे खरं कोर्ट गाठा, कारण बाजूच्या भिंतीवरून येणारा चेंडू एकाच भिंतीवर शिकता येत नाही. स्पर्धा 11, 13, 15, 17, 19 वर्षांखालील गटांत होतात. पुढे व्यावसायिक खेळायचं तर पीएसएचं (व्यावसायिक स्क्वॉशपटूंची जागतिक संघटना) सदस्यत्व लागतं, आणि तिथे टिन 43 सेंटिमीटरवर येतो. ड्रॉपचा (टिनच्या जरा वर हळूच लावायच्या फटक्याचा) सराव सोळाव्या वर्षापासून त्याच उंचीवर करा.