या चुका टाळा: लेखसंग्रहांतून अमेरिकेचा इतिहास शिकवताना

‘इतिहासकारांचा लेखसंग्रह वर्गात चालत नाही’ ही तक्रार जिथे होते, तिथे तो बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकासारखा वापरलेला असतो. पाठ्यपुस्तक काय घडलं ते सांगतं. इतिहासकाराचा लेख कुणाचं तरी म्हणणं खोडून काढत असतो. ते म्हणणं विद्यार्थ्याला ठाऊकच नसेल, तर लेखातलं मत त्याला वस्तुस्थिती वाटतं आणि उत्तरपत्रिकेत तसंच उतरतं.

पहिली गफलत सालाची. इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांचा सीमाप्रदेशावरचा (पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या वसाहतीच्या कडेवरचा) लेख १९२०च्या संग्रहात मिळतो, पण शिकागोत तो वाचला गेला १८९३ साली. १९२० धरून चाललं की त्यामागची १८९०ची जनगणना दिसेनाशी होते. दर चौरस मैलाला दोन माणसांपेक्षा विरळ वस्ती जिथे सुरू होते, ती सलग सीमारेषा आता दाखवता येत नाही, असं त्या जनगणनेचं म्हणणं होतं. पश्चिमेकडच्या मोकळ्या जमिनीने अमेरिका घडवली, हा टर्नरांचा युक्तिवाद तिथूनच सुरू होतो. अमेरिकी संस्थांची मुळं युरोपात, जर्मन टोळ्यांमध्ये शोधणारे तेव्हाचे अभ्यासक हे त्यांचे प्रतिपक्षी. झेरॉक्सच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहून द्या: लेख कधीचा, कुणापुढे मांडला, कुणाला उत्तर म्हणून.

दुसरी चूक म्हणजे तीस पानांचा लेख ‘वाचून या’ म्हणून देणं. कुणी वाचत नाही, आणि मग तास सारांश सांगण्यात जातो. पाच-सहा पानंच द्या: सुरुवातीचा दावा, पुराव्याचा एक सलग भाग आणि शेवट. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी वर अर्ध्या पानाचं मराठी टिपण जोडा, मात्र त्यात निष्कर्ष लिहू नका.

त्या पानांना एक अस्सल साधन, म्हणजे त्या काळातलाच एखादा दस्तऐवज, जोडलं नाही तर चर्चा हवेत राहते. टर्नर ज्या जमिनीला ‘मोकळी’ म्हणतात, तिच्या शेजारी १८८७चा डॉझ कायदा ठेवा. मूलनिवासी जमातींची सामायिक जमीन तोडून कुटुंबप्रमुखाला साधारण १६० एकर द्यायची आणि उरलेली ‘जादा’ ठरवून बाहेरच्यांना खुली करायची, अशी त्याची रचना. १८८७मध्ये जमातींकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती. १९३४पर्यंत ती ४.८ कोटींवर आली. एवढं फळ्यावर लिहिलं की ‘मोकळी कुणासाठी?’ हा प्रश्न मुलंच विचारतात.

दोन विरोधी लेखांची जोडी लावणं उत्तम, पण ‘दोन्ही बाजू सारख्याच’ म्हणून हात वर करायला लावणं घातक. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर, म्हणजे दक्षिणेत काळ्यांच्या मतांसह नवी राज्य सरकारं उभी राहिली त्या काळावर, विल्यम डनिंग आणि डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या इतिहासकारांची जोडी घ्या. काळ्यांना मताधिकार देणं डनिंगना घोडचूक वाटत होती. ड्यू बॉइसनी १९१०च्या लेखात त्याच सरकारांच्या खात्यावर मोफत सार्वजनिक शाळा जमा केल्या. इथे कौल घेऊ नका, पडताळा घ्या. दक्षिण कॅरोलायनाच्या १८६८च्या राज्यघटनेत शाळांची तरतूद आहे. १८७७मध्ये या सरकारांचे विरोधक सत्तेवर आले, तरी ती घटना १८९५पर्यंत टिकली. ती सरकारं नुसता गोंधळ असती, तर विरोधकांनी त्यांची घटना इतकी वर्षं का चालवली? (जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा पुनर्रचना अजून चालूच होती. आपल्या मुलांना काळ पक्का करायला ही सनावळ कामी येते.)

झेरॉक्स काढताना तळटीपा कापू नका. पुरावा तिथेच असतो. संपादकाची प्रस्तावना लेखांनंतर वाचायला द्या, नाहीतर तिचीच वाक्यं परत येतात.

परीक्षेत ‘चर्चा करा’ लिहिलं की सारांशच मिळणार. त्याऐवजी विचारा: या लेखातला कोणता एक पुरावा काढला तर युक्तिवाद ढासळेल, आणि का?