बिल्डरूटमध्ये बाहेरच्या कर्नल ड्रायव्हरचे पॅकेज कसे करावे

वायफायची चिप निवडली की चिप बनवणाऱ्याकडून ड्रायव्हरची झिप येते आणि सोबत सूचना: मेक करा, इन्समॉड करा. लॅपटॉपवर तेवढे पुरते. पण बोर्डाची अख्खी सिस्टिम बिल्डरूटने, म्हणजे छोट्या उपकरणांसाठी सोर्सपासून लिनक्स बनवणाऱ्या साधनाने, बनत असेल, तर हाताने बनवलेली केओ फाइल (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, लोड होणारे मॉड्यूल) इमेजमध्ये टाकणे म्हणजे पुढच्या अडचणीला आमंत्रण. कर्नलची आवृत्ती बदलली की ते मॉड्यूल लोड व्हायला नकार देते. ड्रायव्हरचे पॅकेज केले, तर तो त्या बिल्डच्याच कर्नलविरुद्ध बनतो.

पॅकेज लिहायच्या आधी ड्रायव्हरची मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) उघडा, कारण बहुतेक घोळ तिथेच असतो. 'युनेम -आर' असलेली ओळ शोधा. ती बिल्ड चालू असलेल्या संगणकाचा कर्नल पकडते, बोर्डाचा नाही. बिल्डरूट मात्र कर्नलच्या सोर्समध्ये जाऊन केबिल्डला, म्हणजे कर्नलच्या बिल्ड यंत्रणेला, बाहेरचे फोल्डर बनवायला सांगतो, त्यामुळे ओळ नुसती पडून असेल तर राहू द्या. तिच्यावरून फाइली किंवा फ्लॅग ठरत असतील, तर पॅचने (कोडमधला बदल टिपलेल्या फाइलने) काढा. मॉड्यूलचे नाव 'ओबीजे-एम'मध्ये (बनवायच्या मॉड्यूलांच्या यादीत) थेट दिले असेल तर उत्तम. काही ड्रायव्हर ते एखाद्या 'कॉन्फिग' व्हेरिएबलवर टांगून ठेवतात. मग त्याची किंमत 'एम' आहे हे पॅकेजच्या 'मॉड्यूल मेक ऑप्ट्स'मधून सांगावे लागते. नाहीतर बिल्ड बिनतक्रार संपतो आणि मॉड्यूल कुठेच नसते!

पॅकेज बिल्डरूटच्या मूळ झाडात टाकू नका. एक्स्टर्नल झाड (बिल्डरूटबाहेरचे स्वतःचे फोल्डर) करा: वर एक्स्टर्नल डेस्क, एक्स्टर्नल एमके आणि कॉन्फिग इन या तीन फाइली, खाली पॅकेजचे फोल्डर. उद्या बिल्डरूट अपग्रेड करताना हायसे वाटेल.

पॅकेजच्या कॉन्फिग इनमध्ये पर्याय लिहा आणि तो लिनक्स कर्नलच्या पर्यायावर 'डिपेंड्स ऑन' ठेवा. पॅकेजच्या एमके फाइलमध्ये व्हर्जन, साइट, लायसन्स आणि लायसन्सची फाइल द्या. सोर्स गिटवरून येत असेल तर व्हर्जनमध्ये ब्रँचचे नाव नको, पूर्ण कमिट हॅश द्या. डाउनलोड पडताळण्यासाठी हॅश फाइलमध्ये शा-२५६ लिहा. शेवटी दोन 'इव्हॅल' ओळी येतात, आधी 'कर्नल-मॉड्यूल', मग 'जेनेरिक-पॅकेज'. क्रम उलटा करू नका. आधी कर्नल बनवण्याचे आणि मॉड्यूल सपोर्ट चालू करण्याचे काम ही यंत्रणा स्वतः करते. ड्रायव्हरला कर्नलमधले आणखी काही हवे असेल, उदाहरणार्थ वायफायसाठी सीएफजी-८०२११ (कर्नलचा वायफाय सपोर्ट), तर ते 'लिनक्स कॉन्फिग फिक्सअप्स'मध्ये चालू करा.

आता मेनूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायच्या मेनूत) पॅकेज निवडून मेक चालवा. कंपाइल अडले, तर संशय आधी कर्नलच्या आवृत्तीवर घ्या. कर्नलचा आतला इंटरफेस स्थिर नसतो: 'आयओरीमॅप नोकॅश' ५.६ मध्ये गेले, ६.४ मध्ये 'क्लास क्रिएट'चा एक आर्ग्युमेंट कमी झाला. दुरुस्तीचा पॅच क्रमांक देऊन पॅकेजच्याच फोल्डरमध्ये ठेवा, तो आपोआप लागतो.

मॉड्यूल आउटपुटच्या टार्गेट फोल्डरमध्ये, लिब मॉड्यूल्सखाली कर्नलच्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात सापडेल. जुन्या कर्नलमध्ये 'एक्स्ट्रा'त, नव्यात 'अपडेट्स'मध्ये. मॉडइन्फोने त्याचे व्हर्मॅजिक, म्हणजे ते कोणत्या कर्नलसाठी बनले त्याची खूण, बघा. ते बोर्डावरच्या कर्नलशी जुळलेच पाहिजे. एकट्या पॅकेजचा मेक करून थांबू नका, कारण डेपमॉड (मॉड्यूलांची यादी बनवणारा) पूर्ण मेकच्या शेवटी चालतो आणि त्याशिवाय मॉडप्रोबला (मॉड्यूल लोड करणाऱ्या आज्ञेला) नवे मॉड्यूल दिसत नाही.

कर्नलचे कॉन्फिग नंतर बदलले, तर बिल्डरूट ड्रायव्हर स्वतःहून पुन्हा बनवत नाही. कर्नलचा 'रीबिल्ड', पॅकेजचा 'डरक्लीन' (त्याचे बिल्ड फोल्डर पुसणे) आणि मग पूर्ण मेक, हे हातानेच करावे लागते. ड्रायव्हरच्या कोडमध्येच रोज हात घालत असाल, तर लोकल एमकेमध्ये 'ओव्हरराइड सोर्स डर' (तुमच्या सोर्स फोल्डरचा पत्ता) द्या. दर वेळी टारबॉल बनवायची कटकट जाते.

एवढे करूनही मॉड्यूल लोड होऊन चिप मुकी राहिली, तर डीमेसेज (कर्नलचे संदेश) वाचा. फर्मवेअर लोड फसल्याची ओळ आणि उणे २ हा एरर दिसला, तर फर्मवेअरची (चिपमध्ये चढवायच्या प्रोग्रामची) फाइलच सापडलेली नाही. ती लिब फर्मवेअरमध्ये बसवायची आज्ञा त्याच एमके फाइलच्या 'इन्स्टॉल टार्गेट कमांड्स'मध्ये लिहा.