जुनं ग्राफिक्स कार्ड कसं घ्यावं: आधी मेमरी तापवा, मग पैसे द्या

मार्च २०१७ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड ६९९ डॉलरला आलं, तेव्हा 'एका कार्डाला एवढे पैसे?' म्हणून आम्ही तोंडात बोटं घातली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० ची किंमत होती १,५९९ डॉलर आणि जानेवारी २०२५ मधल्या ५०९० ची १,९९९. ही फक्त जाहीर केलेली किंमत बरं का, त्या भावाला कार्ड हातात पडणं ही वेगळीच गोष्ट. या चिप जिथे बनतात तिथेच एआयच्या डेटा सेंटरसाठीच्या चिपही बनतात, आणि त्यांत नफा कितीतरी जास्त आहे. गेमर लोकांची दया येऊन कुणी भाव उतरवेल, या आशेवर बसू नका. एक-दोन पिढ्या जुनं, पण आपल्या पिढीतलं वरचं कार्ड वापरलेलं घ्यावं, असं माझं मत आहे. स्वतःसाठी आणि मित्रांसाठी मी हे बरेचदा केलंय. एकदा सपशेल तोंडावर आपटलोय, त्यामुळे पाचवी पायरी लांबलीय.

१. कार्ड ठरवा

आधी कार्डाची स्वतःची मेमरी (व्हीरॅम) किती ते बघा, वेग नंतर. कमी वेगाच्या कार्डावर सेटिंग उतरवून खेळता येतं, पण मेमरी कमी पडली की चांगलं कार्डही अडखळत चालतं. आरटीएक्स ३०८० ची मूळ आवृत्ती १० जीबीची आहे आणि ३०९० ला २४ जीबी मेमरी आहे. जुन्याच्या मोहात फार मागेही जाऊ नका. १०८० टीआय ज्या पास्कल पिढीतलं आहे, तिला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत. त्या कार्डावर माझं प्रेम आहे, पण आज पैसे टाकणार नाही.

२. पॉवर सप्लाय

३०९० ला ३५० वॅट लागतात, ४०९० ला ४५०. तुमचा पॉवर सप्लाय तेवढा नसेल तर त्याचा खर्च आत्ताच कार्डाच्या किमतीत धरा.

३. डोळ्यांनी बघा

टॉर्च न्या. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्टीच्या टोकाशी, खाचेजवळ, बोर्डाला केसाएवढी तड आहे का ते पाहा. आधार न देता वर्षानुवर्षं लटकलेली जड कार्डं तिथेच तडकतात. ४०९० असेल तर पॉवरच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये वितळलेलं किंवा तपकिरी झालेलं प्लास्टिक शोधा. बोर्डावर तेलकट ओल दिसली तर घाबरू नका, ते थर्मल पॅडमधून (चिपची उष्णता धातूच्या हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्टीतून) झिरपलेलं सिलिकॉन असतं. धूळ तर मला आवडते. चकचकीत पुसलेलं कार्ड दिसलं की मी स्क्रूंची डोकी झिजलीत का, म्हणजे कार्ड कुणी उघडलंय का, ते बघतो.

४. जीपीयू-झेड चालवा

कार्डाची माहिती दाखवणारं हे सॉफ्टवेअर. त्यात बघायचं ते नाव, मेमरी आणि १६ लेन (मदरबोर्डशी डेटाची ये-जा करायच्या वाटा). जुन्या चिपला नवं नाव चिकटवलेलं बनावट कार्ड असेल तर बहुतेक वेळा हेच सॉफ्टवेअर ते सांगून टाकतं. १६ च्या जागी ८ किंवा ४ लेन दिसल्या तर कार्ड काढून, पट्टी पुसून परत लावा. तरी तेच दिसलं तर उठा.

५. मेमरी तापवून तपासा

इथे मी फसलो होतो. ११ जीबीचं कार्ड होतं. विकणाऱ्याच्या मशीनवर मी दहा मिनिटं फरमार्क हे कार्डावर ताण आणणारं सॉफ्टवेअर चालवलं, तापमान ६८ अंशांवर थांबलं, चित्र स्वच्छ. मी खूश होऊन पैसे मोजले. घरी आणून गेम लावला, तर चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर रंगीत चौकोन नाचायला लागले, मग स्क्रीन काळी आणि पंखे पूर्ण वेगात. दुसऱ्या दिवशी मेमरीची चाचणी लावली. थंड कार्डावर एकही चूक नाही, तापलेल्या कार्डावर पाच मिनिटांत हजारो. मेमरीच्या एका चिपचा जोड गेला होता आणि तो फक्त तापल्यावर सुटत होता.

'दहा मिनिटं फरमार्क चालवा, टिकलं तर घ्या' हा सल्ला अजूनही सगळीकडे मिळतो. तो वाईट सल्ला आहे. फरमार्क ताण आणतं ते मुख्यतः कोअरवर, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपवर, आणि वीजपुरवठ्यावर. मेमरीतला बहुतेक भाग त्याला लागतच नाही, तर तिथली चूक त्याला दिसणार कशी? शिवाय दहा मिनिटांत जड हीटसिंक आणि बोर्ड पुरते तापतही नाहीत, उघड्या कॅबिनेटमध्ये तर नाहीच नाही.

'मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो नाणी कमवायला, वापरलंय का?' हा प्रश्नही विचारत बसू नका. उत्तर 'नाही' असंच येणार. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग संपवलं, त्यानंतर अशी कार्डं ढिगाने बाजारात आली आणि एकही मालक 'हो' म्हणाला नाही. मायनिंगमध्ये कोअर बहुधा कमी व्होल्टेजवर आरामात चालतो. महिनोन्‌महिने भाजते ती मेमरी. म्हणून माणसाला विचारू नका, मेमरीला विचारा.

सुरुवातीला विकणाऱ्याच्या मशीनवर आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग आणि पॉवर बदलायचं सॉफ्टवेअर) उघडून सगळी मूल्यं रीसेट करा. मेमरीचा वेग किंवा पॉवर मर्यादा खाली ओढून ठेवली की आजारी कार्डही तासभर शहाण्यासारखं वागतं. त्यानंतर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधला हेल्प मेनू उघडा आणि तिथला डीबग मोड बंद आहे ना ते बघा. तो चालू असला की कारखान्यातून वाढवून दिलेला वेग गुपचूप मूळ वेगावर येतो. हे फार कमी लोक तपासतात. कार्डावर बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलायचा बारीक खटका असेल तर तो कोणत्या बाजूला आहे तेही लिहून ठेवा. दुसऱ्या बाजूला मायनिंगचा बायोस भरलेला मी पाहिलाय.

मग कॅबिनेट बंद करा. विकणारा म्हणेल, राहू दे की उघडं. बंद करा. वीस मिनिटं एखादा जड गेम किंवा बेंचमार्क (कामगिरी मोजून गुण देणारी चाचणी) फिरता ठेवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे बघत राहा. पहिला कोअरचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांतला फरक. दहा-पंधरा अंश ठीक, पंचवीसच्या वर गेला तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. (५० मालिकेच्या कार्डांवर हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही, तिथे कोअरवरच भागवा.) दुसरा मेमरीचं तापमान. ३०८०, ३०९० सारख्या जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीच्या कार्डांवर तो दिसतो, आणि ११० अंशांला पोचला की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. माझी मर्यादा १०० आहे. त्याच्या वर गेला तर पॅड बदलावे लागणार, आणि तो खर्च मी किमतीतून वजा करून मागतो. ३०९० ला बोर्डाच्या मागच्या बाजूलाही मेमरी आहे, तिथे हा आकडा लवकर चढतो.

कार्ड असं गरम असतानाच, मध्ये चहाला न उठता, ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम चाचणी सुरू करा. ब्राउझर वगैरे बंद करा आणि नव्वद टक्क्यांच्या वर मेमरी भरली जाईल असं सेटिंग ठेवा. खराब चिप नेमकी न भरलेल्या भागात असली तर चाचणी फुकट. अर्धा तास चालू द्या. चुकांचा आकडा शून्य हवा. 'एखादी चूक येते हो' असं कुणी म्हणालं तर ते त्याच्याजवळच राहू द्या.

जीडीडीआर६एक्सच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. ही मेमरी डेटाच्या ये-जा करण्यात झालेली चूक ओळखून तो परत पाठवायला लावते. त्यामुळे चित्र बिघडत नाही, बेंचमार्कचे गुण मात्र घसरतात. म्हणून मी थंड कार्डावर एकदा आणि चाचणी संपल्यावर गरम कार्डावर एकदा असा तोच बेंचमार्क दोनदा चालवतो. तापल्यावर दोन-तीन टक्के उतरणं स्वाभाविक आहे. आठ-दहा टक्के उतरले आणि वेग मात्र तेवढाच दिसत असेल, तर मी नमस्कार करून निघतो.

६. पोर्ट आणि पंखे

सगळे पोर्ट एकेक करून लावून बघा, पंखे शंभर टक्क्यांवर नेऊन खडखड ऐका. पंखा स्वस्तात बदलता येतो, पोर्ट नाही.

७. पैसे

चाचणी संपल्यावर, बिल आणि सीरियल नंबर जुळवून. आधी इसार नाही.

८. घरी आल्यावर

त्याच दिवशी स्वतःच्या बंद कॅबिनेटमध्ये पाचवी पायरी परत करा. विकणाऱ्याशी बोलून ठेवलेलं असेल तर परत करायची सोय ठरलेल्या दिवसांतच असते. पेस्ट आणि पॅड त्यानंतर, आधी नाही, कारण उघडलेलं कार्ड कुणी परत घेत नाही. पॅड घेताना जाडी मूळ पॅडइतकीच घ्या. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लावला की हीटसिंक कोअरवर टेकत नाही. हा उद्योग माझ्या एका मित्राने केला आणि हॉटस्पॉट १०५ ला गेल्यावर पेस्टला शिव्या देत बसला.