मान अखडली? आधी खांदे सोडवा

मान दुखायला लागली की हात आपोआप तिथे जातो आणि डोकं गोल गोल फिरवलं जातं. नागपुरात अंबाझरी, फुटाळा तलावांकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्येही हाच व्यायाम जोरात चालतो. तो बंद करा. डोकं मागे टाकून त्याच वेळी वळवलं की मानेच्या मणक्यांमधले छोटे सांधे दाबले जातात, नसांच्या वाटा अरुंद होतात, आणि साठीपुढच्या माणसाला चक्कर येऊ शकते. मान दुखते खरी, पण काम खांदे, पाठीचा वरचा भाग आणि श्वास यांच्यावर करावं लागतं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. ते पुढे झुकलं की मान आणि खांद्याच्या पात्यामधले स्नायू दिवसभर ताणून धरावे लागतात. शेवटी तेच अखडतात.

काही लक्षणं असतील तर योगाआधी डॉक्टर गाठा: हातात मुंग्या किंवा बधिरपणा, पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, तापासोबत ताठ झालेली मान, किंवा गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं.

लागणारं सामान म्हणजे एक सतरंजी, दोन टॉवेल आणि चाकं नसलेली खुर्ची. आदल्या रात्री उसण भरली असेल तर दहा मिनिटं गरम टॉवेलचा शेक घेऊन मग बसा.

सुरुवात झोपून करा. पाठीवर पडा, गुडघे वाकवा, डोक्याखाली दोन-तीन सेंटीमीटर जाडीची टॉवेलची घडी ठेवा. एक हात पोटावर, एक छातीवर. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असे दहा श्वास. छातीवरचाच हात जास्त हलत असेल तर मानेचे स्नायू श्वासालाही जुंपलेले आहेत असं समजा. पोट हलू लागेपर्यंत पुढे जाण्याची घाई नको.

मग बसून स्कंधचक्र. बोटांची टोकं खांद्यांवर ठेवा. श्वास घेत कोपरं पुढून वर न्या, सोडत मागून खाली आणा. आठ वेळा, मग उलट दिशेने आठ. खांदे कानांकडे चढू लागले की फायदा संपला. दुखत असेल तर कोपर खांद्याच्या उंचीवरच थांबवा.

त्यानंतर मार्जारासन, आठ फेऱ्या. हात-गुडघ्यांवर ओणवं व्हा; मनगटं खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. हालचाल दोन पात्यांच्या मधल्या जागेत जाणवली पाहिजे. बहुतेक लोक तिथे ताठच राहतात आणि डोकं वर-खाली झटकतात. गुडघे दुखत असतील तर उभं राहून दोन्ही हात भिंतीला टेकवून करा.

आता मान. ब्रह्ममुद्रेत डोकं उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली नेतात, प्रत्येक ठिकाणी तीन श्वास थांबतात. आधी डोळे वळवा, मग डोकं. जिथपर्यंत जाता येतं त्याच्या पाऊण अंतरावरच थांबा. मणक्यांची झीज निघालेल्यांनी वर पाहणं गाळावं, बाकीच्यांनीही हनुवटी थोडीच उचलावी.

लगेच हाताचा विरोध. तळवा कपाळावर ठेवून डोक्याने त्याला हलकंच ढकला, डोकं मात्र जागचं हलू देऊ नका. पाच सेकंद, पाच वेळा. असंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. जोर पूर्ण ताकदीच्या पाचव्या हिश्शाएवढा पुरे. श्वास रोखू नका, रक्तदाब वाढतो. सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि लोक नेमका हाच वगळतात. ताणाने सैल झालेला स्नायू बळकट झाला नाही तर पुन्हा अखडतोच.

शेवटी छोटं भुजंगासन: पोटावर झोपून, कोपरं बरगड्यांना चिकटवून फक्त छाती उचला, नजर फूटभर पुढच्या जमिनीवर. तीन वेळा. मग बसून पाच भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव) आणि पाच मिनिटं शवासन. सगळं मिळून अर्धा तास.

करताना दुखणं दहापैकी दोन अंकांहून जास्त वाढलं तर तो प्रकार थांबवा. दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर आवर्तनं निम्मी करा. रोज करा, निदान महिनाभर.

नागपुरात उन्हाळ्यात आणखी एक कारण असतं: रात्रभर थेट मानेवर येणारा कुलरचा झोत. त्याचा रोख पायांकडे फिरवा. उशी खांदा आणि कान यांच्यातली पोकळी भरेल एवढीच हवी. मिहानमधल्या आयटी कंपन्यांत शिफ्टभर संगणकासमोर बसणाऱ्यांनी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि दर अर्ध्या तासाला स्कंधचक्राच्या चार फेऱ्या घ्याव्यात.

शिकवणाऱ्याच्या देखरेखीत करायचं असेल, म्हणजे रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळासारख्या ठिकाणी, तर मानेचा त्रास पहिल्याच दिवशी सांगा. एमआरआय काढला असेल तर अहवाल दाखवा. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि मत्स्यासन सध्या करणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.