एकाच खात्याचा कोड दोन फोनवर

वडोदऱ्यात आमच्या विभागाचं विद्यापीठातलं खातं दोघं वापरतो: सकाळी मी, दुपारनंतर ताई. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही टाकायचा) सक्तीचं झालं आणि कोड फक्त माझ्या फोनवर. मी दांडिया बाजारात भाजी घेतोय आणि ताईंचा फोन, "अरे, कोड सांग ना लवकर!" सांगेपर्यंत तो बदललेला, त्याचं आयुष्यच ३० सेकंदांचं.

हा कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपला सिमशी देणंघेणं नसतं. क्यूआरमधली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ, यांवरून सहा आकडे निघतात. म्हणून आयटी विभागाला विचारून जुनी नोंद काढून टाकली आणि नवा क्यूआर दोन्ही फोनवर स्कॅन केला. माझा कोड चालला, ताईंचा वेगळाच! त्यांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, बस चुकू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं. वेळ ऑटोमॅटिक केल्याबरोबर आकडे जुळले. (आता बस चुकली की शिव्या मला.)

क्यूआरचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ज्याच्या हाती तो, त्याच्याकडे कोड. फोन हाताशी नसेल तेव्हाचे बॅकअप कोड छापून कपाटात कुलूपबंद ठेवलेत. स्वतःच्या नावावरच्या खात्याला मात्र हा उद्योग नको. आणि दोघांपैकी कोणी विभाग सोडला, की पासवर्ड बदलून क्यूआरही नवा काढायचा.