कॅराव्हॅन जॅकवर घेण्यापूर्वी

दिवाळीच्या सुमारास पाऊस पुरता थांबला, की जीपमागे कॅराव्हॅन, म्हणजे मागून ओढायचे चाकांवरचे घर, जोडून राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरायचा, हा आमच्या घरचा ठरलेला बेत असतो. टायरची हवा, दिवे, गॅस, पाणी यांची तपासणी सगळेच करतात. जॅकचा विषय मात्र ‘जीपमधला आहे की’ एवढ्यावर मिटवला जातो. तो जॅक जीपसाठी दिलेला असतो आणि कॅराव्हॅनची हलकी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) म्हणजे जीपची चासी नव्हे. म्हणून निघण्याच्या आदल्या रविवारी, घरासमोरच्या सपाट फरशीवर, दिवसाउजेडी आणि घाई नसताना एकदा चाक काढून परत बसवून पाहावे.

पहिला हिशेब वजनाचा. सामानासह 1200 किलो भरणाऱ्या, एकाच अॅक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या) कॅराव्हॅनचे साधारण 70-80 किलो जीपच्या हुकवर येतात आणि उरलेला भार दोन चाकांत वाटला जातो, म्हणजे एका बाजूला साडेपाचशे-सहाशे किलो उचलायचे असतात. 2 टनांचा जॅक त्याला पुरून उरतो. मोठा असलेला बरा म्हणून 10 टनांचा बाटली जॅक (बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर चालणारा) घेणारे भेटतात, पण मोठा जॅक मिटवल्यावरही उंच राहतो आणि टायरची हवा गेलेल्या गाडीखाली तो शिरतच नाही. खरी अडचण वजनाची नसून उंचीची असते. टायरची हवा पूर्ण सोडावी आणि जिथे जॅक लावायचा त्या जागेची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. मिटलेला जॅक, त्याखालची फळी धरूनही, त्यापेक्षा बुटका हवा. दुसरे माप वरचे, म्हणजे जॅकला किती उंच जावे लागेल त्याचे. चासी उचलली की सस्पेन्शन मोकळे होऊन चाक खाली लोंबते, त्यामुळे गाडी वर चढलेली दिसते तरी टायर जमिनीलाच टेकलेला असतो. शिवाय हवा भरलेली स्टेपनी बसवायला आणखी चार बोटे जागा लागते. ही दोन्ही मापे कागदावर लिहून घेऊनच दुकानात जावे.

कात्री जॅक स्वस्त आणि बुटका असतो, मात्र त्याचा स्क्रू ग्रीसविना कोरडा पडला की ऐन वेळी फिरत नाही. बाटली जॅक ताकदवान असतो, पण तो सरळ उभाच ठेवावा लागतो. आडवा ठेवल्यास तेल गळण्याची शक्यता असते. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक घरच्या फरशीसाठी उत्तम आणि घाटरस्त्याच्या खडीत निरुपयोगी. कोणताही घेतला तरी दांडा एवढा लांब हवा, की तो चालवताना आपले डोके किंवा खांदा गाडीखाली जाणार नाही.

जॅक कुठे लावायचा हे कॅराव्हॅनच्या पुस्तिकेत पाहावे. बहुतेक गाड्यांत अॅक्सल जिथे चासीला बोल्टने जोडलेला असतो तिथली जाड पट्टी त्यासाठी असते; अॅक्सलच्या नळीचा मधला भाग, फरशीची प्लाय आणि कोपऱ्यांचे चार पाय यांपैकी कशावरही गाडी उचलू नये. ते पाय गाडी हलू नये म्हणून दिलेले असतात, तिचा भार पेलण्यासाठी नव्हे. इथे एक कोल्हापुरी मोह टाळावा लागतो. वर्कशॉपांच्या उद्यमनगरात गेले, की ‘चासीला पट्टी वेल्ड करून देतो, जन्माचं काम होईल’ असे सांगणारा कुशल कारागीर हमखास भेटतो, आणि हात त्याचा खरोखर चांगला असतो. तरीही जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ चासीवर वेल्डिंग करू नये, भोकही पाडू नये. मुलामा जळतो, पत्र्याची ताकद जाते आणि गंज आतून सुरू होतो. त्याच कारागिराकडून जॅकच्या डोक्यावर नीट बसणारा लोखंडी वाडगा करून घ्यावा, ते काम त्याच्या हातचे सोने असते.

जमिनीचा विषय मी अनुभवाने शिकलो. नदीकाठच्या एका उसाच्या फडाशेजारी, वरून खडखडीत वाळलेल्या काळ्या जमिनीवर बाटली जॅक तसाच ठेवला होता. पाचसहा वेळा दांडा मारला तरी गाडी वर येईना, म्हणून वाकून पाहिले तर जॅकचा पाया सावकाश मातीत उतरत होता आणि भोवतीची भेग रुंदावत होती. जॅक किंचित कललाही होता. तेव्हापासून दीड इंच जाडीची, फूटभर लांबीरुंदीची सागवानी फळी जॅकच्या पेटीतच असते. पन्हाळ्याच्या जांभ्या कातळावर जॅक रुतू नये म्हणून फळी लागत नाही, पण तिथे जॅकचा पाया घसरू नये म्हणून ती लागतेच.

गाडी धरून ठेवण्याबाबत एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एका अॅक्सलच्या कॅराव्हॅनचा हँडब्रेक तिच्या दोनच चाकांवर चालतो आणि त्यातले एक चाक हवेत गेले, की जमिनीवर ब्रेक लागलेले एकच चाक उरते. त्यातही रिव्हर्स घेताना आपोआप सुटणारे ब्रेक असतील, तर उतारावर गाडी थोडी मागे सरकल्यावरच हँडब्रेक पुरता धरतो. म्हणून कॅराव्हॅन जीपला जोडलेलीच ठेवावी, जीपचा हँडब्रेक ओढून ती गिअरमध्ये ठेवावी, आणि उचलायच्या बाजूच्या विरुद्ध चाकाला पुढून-मागून पाचरी ठोकाव्यात. वाटेत सापडलेला गोल दगड ही पाचर नव्हे.

त्यानंतर गॅसचा कॉक बंद करावा, पाण्याची टाकी रिकामी करावी, आत कोणी झोपलेले नाही याची खात्री करावी आणि चारही पाय वर घ्यावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करावेत, कारण हवेतल्या चाकावर पान्याला जोर दिला की सगळी गाडी हलते. चाक काढून बराच वेळ काम असेल, तर चासीखाली जॅक स्टँड, म्हणजे भार पेलणारा लोखंडी आधार, द्यावा. जॅक उचलण्यासाठी असतो, भार धरून ठेवण्यासाठी नाही. स्टेपनीचे नट समोरासमोरच्या जोडीने आधी हलके बसवावेत आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावरच टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) द्यावा. राष्ट्रीय महामार्ग 48 वर उजव्या बाजूचे चाक पंक्चर झाले, तर वाहतुकीकडे पाठ करून हे काम करू नये. 1033 या महामार्ग मदत क्रमांकावर फोन करून मदत येईपर्यंत कठड्यापलीकडे उभे राहावे.

बदललेल्या चाकाचे नट 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे लागतात. कोल्हापुरातून निघालेल्याला राधानगरी साधारण तेवढ्याच अंतरावर पडते, तेव्हा तिथे चहाला थांबल्यावर टॉर्क पाना आधी बाहेर काढावा, चहा नंतर सांगावा.